लुंबिनीची चढण

डिसेंबर लागला की प्रतापनगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या शाळेपुढे सहलीच्या बसगाड्या उभ्या राहतात. मुलांच्या डोक्यावर माकडटोप्या, आयांच्या हातात चिवड्याचे डबे आणि एखादे बाबा ड्रायव्हरला उगाच रस्ता समजावून सांगत असतात. त्या सकाळी मी दूध मागच्या गल्लीतून आणते. शेजारच्या बाईंना वाटतं, मला गोंगाट सहन होत नाही. वयाच्या मानाने ते शोभतंही, म्हणून मी त्यांना तसंच वाटू देते.

सहल म्हटलं की लोकांचे चेहरे उजळतात. चौकात संत्र्यांचे ढीग लागलेले असतात, उन्हं कोवळी झालेली असतात, आणि नागपूरच्या माणसाला वर्षातले हेच दोन महिने आपलं शहर राहण्यासारखं आहे असं वाटतं. मला या दिवसांत काही खावंसं वाटत नाही. पन्नास वर्षं होत आली, तरी हा हिवाळा दर वर्षी येतो आणि मला त्याच बसमध्ये नेऊन बसवतो.

पंचाहत्तर सालची गोष्ट. मी नववीत, धरमपेठेतल्या मुलींच्या शाळेत. राहायला उत्तर नागपुरात, रेल्वेलाइनच्या पलीकडे, आमच्या वस्तीत. रोज सायकलने येणंजाणं. त्या वर्षी शाळेची सहल थेट परदेशी निघाली, म्हणजे नेपाळला. माझ्या बाकावरच्या शुभदाने नाक मुरडलं, "पासपोर्ट लागत नाही तो कसला परदेश?" पण दुसऱ्या दिवशी तिचंच नाव यादीत पहिलं होतं.

मी घरी नोटीस दाखवली ती 'नाही' ऐकायच्या तयारीने. बाबा कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होते. सही करण्यापुरतं वाचता यायचं. पत्र असो, वर्तमानपत्र असो, सिनेमाची पाटी असो, वाचायला मीच. चहा पिता पिता ते म्हणाले, "वाच." मी गावांची नावं वाचली. गोरखपूर, लुंबिनी, पोखरा, काठमांडू. त्यांनी कप खाली ठेवला.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"लुंबिनी म्हन्जे आपली लुंबिनी? बुद्ध जल्मला ते?"

"हो."

"जाय मंग." एवढंच म्हणाले आणि शर्ट घालून कामावर निघून गेले. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली तेव्हा ते विशीतले होते. त्या दिवसाबद्दल ते फार बोलत नसत. गर्दीत चप्पल हरवली आणि अनवाणी घरी आलो, हे मात्र दर वर्षी सांगत, आणि दर वर्षी हसत. निघायच्या दिवशी स्टेशनवर त्यांनी मला एकच काम सांगितलं. "काही आनू नोको. निरा डोळे भरून पाह्य, अन् आल्यावर मले सांग." दुसऱ्या मुलींच्या आया स्वेटर, औषधं, परक्या माणसाशी न बोलणं असलं सांगत होत्या. मला वाटलं, आपलं काम सगळ्यांत सोपं आहे.

गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढे बस. अडतीस मुली आणि दोन बाई. भूगोलाच्या वझलवार बाईंनी खिडकीवरून भांडणं नकोत म्हणून एक नियम काढला होता. दर तासाला त्या शिट्टी वाजवत, मग खिडकीतल्या मुलीने आत सरकायचं आणि आतलीने खिडकीत जायचं. मुली घड्याळाकडे डोळे लावून बसायच्या. बाहेर गंगेचं अख्खं खोरं चाललेलं असायचं आणि आत सगळं लक्ष शिट्टीकडे. सरहद्दीवर कागदपत्रांत सकाळ गेली. बस पलीकडच्या पहिल्या गावात, भैरहव्याला पोचली तेव्हा बारा वाजायला आले होते आणि धुकं अजून उठलं नव्हतं. रस्त्याच्या कडेचे सायकलरिक्शेवाले नुसते आवाजाने कळत होते.

बाई उभ्या राहिल्या. त्यांचं ते बोलणं मला अजून शब्दन् शब्द आठवतं. "मुलींनो, लुंबिनीचा फाटा हा असा आलाय. रस्ता कच्चा आहे, जाऊन यायला चार तास तरी लागतील. अंधार झाल्यावर घाटात गाडी घालणार नाही, असं ड्रायव्हर म्हणतात. म्हणजे मुक्काम इथेच पडेल आणि उद्याचा पोखऱ्याचा सूर्योदय जाईल. पण लुंबिनी आपल्या कार्यक्रमात आहे. त्यामुळे जबरदस्ती कुणावरच नाही. एकीचा जरी हात वर आला, तरी आपण जाऊ."

बाई चांगल्या होत्या. त्यांनी ते माझ्यासाठी केलं हे मला तेव्हाही कळलं होतं. बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मुद्दाम समोरच्या काचेकडे पाहिलं, म्हणजे मला अवघड होऊ नये. पण एकीचा हात म्हणजे कुणाचा हात, हे त्या बसमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं.

शाळेत मला कुणी कधी काही बोललं नाही. हजेरीत आडनाव रोज पुकारलं जायचं, त्यातून कळायचं ते कळत होतं. शुभदाच्या घरी मला पाणी मिळायचं, चांगल्या पेल्यात मिळायचं. फक्त तो पेला मी विसळून ठेवते की नाही, याकडे आतून कुणाचं तरी लक्ष असायचं. मी विसळून ठेवत असे. असं विसळत विसळत मी तीन वर्षं त्या वर्गात आपली जागा केली होती. आता एक हात वर केला की सदतीस मुलींचा सूर्योदय माझ्या नावावर जाणार होता. पुढचे आठ दिवस, नंतरची दोन वर्षं, सगळं मला दिसलं. मी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि स्वेटरचं शेवटचं बटण लावत बसले. ते आधीच लावलेलं होतं.

बाई थोडा वेळ थांबल्या. जरा जास्तच वेळ थांबल्या. मग "बरं" म्हणून खाली बसल्या. डाव्या हाताला फाट्याचं तोंड आलं. एक बैलगाडी त्यात शिरली आणि चार पावलांत धुक्यात दिसेनाशी झाली. त्या रस्त्यावर पुढे काय आहे, हे मला तेवढंच दिसलं.

एक गोष्ट सांगायला मला जड जातं, पण ती गाळली तर बाकीच्याला अर्थ नाही. तासाभराने मी आनंदात होते. डोंगर सुरू झाले, धुकं खाली राहिलं आणि ऊन आलं. एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला खोल खाली हिरवी नदी. ड्रायव्हर वळणावर हॉर्न देई आणि समोरच्या डोंगरातून तो परत येई. शिट्टी वाजली, खिडकी माझी झाली. डोंगर वरपासून खालपर्यंत पायऱ्यांसारखा कापून केलेली शेतं होती, त्यात कुठे मोहरी पिवळी झालेली. कपाळाला पट्टा लावून पाठीवर टोपल्या घेतलेल्या बाया चढण चढत होत्या, आमच्या बसपेक्षा फार सावकाश नव्हे. एका गावात संत्री विकायला आली. नागपूरच्या मुलींनी ती चाखून एकमेकींकडे पाहिलं आणि "आपलीच बरी" असा निकाल दिला. मग डझनाने घेतली. मुली ओकत होत्या, गात होत्या, पुन्हा ओकत होत्या. एका वळणावर समोर काही नव्हतं, नुसतं आभाळ. मग शुभदाने माझा दंड धरला. ते आभाळ नव्हतं, बर्फ होतं. ऊन त्यावरून उतरत होतं. बाबा तेव्हा माझ्या मनात नव्हते. आयुष्यात इतकं सुंदर मी त्याआधी काही पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

परत आले तेव्हा बाबा स्टेशनवर होते. गिरणीत खाडा करून आले होते. काठमांडू कसं, जेवण कसं, काहीच नाही. माझी पिशवी सायकलच्या हँडलला अडकवत त्यांनी विचारलं, "पाह्यली?"

मी म्हणाले, "पाहिली."

एका शब्दात ते झालं. खोटं बोलायचं असं ठरवलंही नव्हतं. त्यांचा चेहरा असा झाला होता की दुसरा शब्द तोंडातून निघणंच शक्य नव्हतं.

मग सांगणं आलं. घरी, आईच्या पुढ्यात. दोन दिवसांनी रविवार होता. विहारात वंदना झाल्यावर बाबांनी मला पुढे उभं केलं. सतरंजीवर पन्नासेक माणसं, पांढरी लुगडी, धुतलेले सदरे. "माही पोरगी लुंबिनी पाहून आली," बाबा म्हणाले आणि खाली बसले. लुंबिनीचं मला काय ठाऊक होतं? भैरहवा सोडल्यावर मी फक्त डोंगर पाहिले होते, तेव्हा तेच दिले. सांगितलं, बस चाळीस वळणं चढून जाते. ढग खाली राहतात. बाया कपाळाला पट्टा लावून ओझं वाहतात. वर गेल्यावर एक मोकळी जागा लागते, तिथे अशोकाचा खांब आहे, पिंपळ आहे, पाण्याचं कुंड आहे. खांब आणि कुंड धड्यातले होते. आणि मागे, मी म्हणाले, बर्फाचा डोंगर. त्यावरून ऊन उतरताना मी पाहिलं.

माझा आवाज तेव्हा खरंच भरून आला, कारण ते ऊन मी खरंच पाहिलं होतं. बायांनी डोळे पुसले.

कौसल्यामावशी पहिल्या रांगेत होत्या. वस्तीतली निम्मी माणसं, मी धरून, त्यांच्या हातावर जन्मलेली. त्या सुईण होत्या आणि सगळं सुइणीच्याच डोक्याने बघायच्या. त्यांनी विचारलं, "दिवस भरल्यावर मायादेवी येवढी चढन चढली कशी असन वं?"

बाबाच उत्तरले, "पालखी असन, कौसल्याबाई."

"पालखीत त अजून हाल." त्या म्हणाल्या. "अन् तिथं उभ्यानं बाळंत झाली, फांदी धरून. मी येवढ्या बाया सोडवल्या, उभ्यानं एक नाही. जागा पाह्याले पायजे. कुठं टेकली, कुठं धरलं." मग त्या स्वतःशीच हसल्या. त्यांच्या मनात ती जागा त्या दिवशी शिरली आणि तिथेच राहिली.

पुढे दर बुद्धजयंतीला मला ते सांगावं लागे. सांगून सांगून ते गुळगुळीत झालं. वळणं चाळीसची पन्नास झाली. बाबा शेजारी बसून ऐकत, मी एखादं वळण विसरले तर आठवण करून देत. गिरणीत, पानठेल्यावर, नव्याने ओळख झालेल्या माणसालाही ते सांगत, आमच्या घरातलं माणूस लुंबिनी पाहून आलं. कॉलेजात असताना एकदा ग्रंथालयात मोठा नकाशा उलगडला. लुंबिनी डोंगरात नव्हतीच. डोंगर सुरू व्हायच्या कितीतरी आधी, तराईत, हिरव्या सपाट रंगात तिचा ठिपका होता. मी नकाशा घडी करून ठेवला आणि वर्गात जाऊन बसले.

आज लोक म्हणतात, मग तेव्हा सांगून टाकायचं होतं. म्हणजे कोणी म्हणत नाही, कारण मी कुणाला हे सांगितलेलं नाही. मीच मला म्हणते. सांगायला दिवस थोडे मिळाले का? नऊ वर्षं मिळाली. पण एखाद्या माणसाकडे अभिमानाची एकच गोष्ट असते, आणि ती आपणच दिलेली असते. ती परत कशी मागायची, हे मला आजही कळलेलं नाही.

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात उमरेडच्या मामांच्या वस्तीतून यात्रेची बस निघाली. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती, बाबांची गिरणी सुटली होती, आणि मी एका ऑफिसात कारकून होते. मामांनी आमच्या वस्तीसाठी दोन जागा राखल्या, एक बाबांची, एक कौसल्यामावशींची. मावशींचे गुडघे तोवर पार गेले होते. जन्मभर उकिडवं बसून लोकांची बाळंतपणं केली, त्याचं ते फळ. निघायच्या चार दिवस आधी भिंतीला धरत धरत त्या आमच्याकडे आल्या. बाबा खाटेवर बसून स्वेटर बॅगेत भरत होते. दोन स्वेटर, एक कानटोपी, एक घोंगडी. डोंगरातली थंडी म्हणून.

मावशी दारातच टेकल्या आणि माझ्याकडे वळल्या. "बाई, तू पाह्यलं हाये. खरं सांग मले. माह्या गुडघ्यानं ते चढन होईन का?"

तिथे चढण नव्हती. बस अगदी जवळ जाते, पुढे शेतातली पायवाट, आठ वर्षांचं पोरही चालत जाईल अशी. तो नकाशा पाहिल्यापासून, आणि पुढे वाचून, मला ते ठाऊक होतं. त्या खोलीत ते मला एकटीलाच ठाऊक होतं. बाबा हातातला स्वेटर तसाच धरून माझ्या तोंडाकडे बघत होते, नेहमीच्या त्याच कौतुकाने.

मी म्हणाले, "अवघड आहे मावशी."

त्या काही वेळ गुडघा चोळत राहिल्या. मग बाबांना म्हणाल्या, "नाही तं नाही. शामराव, तुमीच पाहून या गा. ती जागा नीट पाह्यजा." आणि भिंतीला धरत धरत परत गेल्या. मला उठून त्यांच्या मागे जायचं होतं. मी भाकरी थापायला घेतली.

बाबा बाराव्या दिवशी आले. एसटी स्टँडवर मी घ्यायला गेले. बॅगेत स्वेटर आणि घोंगडी, जशी घडी करून दिली तशीच होती. घरी चहा पुढे ठेवला तेव्हा ते म्हणाले, "उमरेडच्या रस्त्यावानी हाये तिथं. दोन्हीकडं वावरं. सपाट."

"बाबा, मी..."

"चाय पी. थंडा होऊन राह्यला."

मी चहा प्यायले. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. बसमधल्या त्या हातासारखी हीसुद्धा वेळ आली आणि गेली.

रविवारी विहार भरला. वंदना झाली, बाबांना पुढे बोलावलं. त्यांनी खांबाचं सांगितलं, कुंडाचं सांगितलं. पाणी हिरवं होतं, कडेला कासव बसलं होतं, असलं त्यांनी स्वतः पाहिलेलं. मी खाली मान घालून वाट बघत होते. सुटका होईल अशी आशा वाटत होती, खोटं कशाला सांगू. आता सगळ्यांसमोर ते बोलतील आणि एकदाचं संपेल. तेवढ्यात कौसल्यामावशींनी पहिल्या रांगेतून विचारलं, "अन् चढन? लय होती का गा, शामराव?"

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. आमच्या वस्तीत बाबांचा शब्द म्हणजे शब्द होता. भांडण सोडवायला लोक त्यांना नेत, कारण ते आपल्या भावाच्याही बाजूने खोटं बोलत नसत.

"होती," बाबा म्हणाले. "पोरगी सांगे तशीच. तुमाले जमली नसती, कौसल्याबाई."

मावशींनी मान डोलावली. त्यांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. आपण गेलो नाही ते बरोबरच केलं, एवढं समाधान त्यांना मिळालं. ते घेऊनच पुढच्या पावसाळ्यात त्या गेल्या. त्यांना पोचवायला अख्खी वस्ती होती, त्यांच्या हातावर आलेली. माझे पाय चालत होते, पण माझ्यात मी नव्हते.

भाचा हल्ली म्हणतो, आत्या, चल लुंबिनीला, आता रस्ता मस्त झालाय, विमानसुद्धा उतरतं. मी गुडघ्यांचं कारण देते. गुडघे माझे ठणठणीत आहेत. जाऊन काय करू? पाहून कुणाला सांगू? ज्याला सांगायचं होतं तो माणूस राहिला नाही आणि जिला दाखवायचं होतं तीही नाही. एखादी चूक निदान भरून काढता येते. ही तशी नाही, हे मला फार वर्षांपूर्वी कळलं आणि त्यानंतर नवीन काही कळलेलं नाही.

बाबा त्या यात्रेनंतर सहा वर्षं होते. मला ते कधी लागेल असं बोलले नाहीत. दर रविवारी आम्ही दोघं विहारात जात असू, शेजारी शेजारी बसत असू. वंदनेत सगळे मिळून पाच शीलं म्हणतात. हिंसा करणार नाही, चोरी करणार नाही, अशी एकेक. बाबांचा आवाज खर्जातला, गर्दीतही वेगळा कळायचा. लुंबिनीहून आल्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी माझ्या लक्षात आलं. तिसरं शील संपलं आणि तो आवाज बंद झाला. चौथं शील खोटं न बोलण्याचं. सगळा विहार ते म्हणत होता, बाबा हात जोडून, ओठ मिटून बसले होते. पाचव्याला आवाज पुन्हा सुरू झाला. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. सहा वर्षं, शेवटच्या आजारात त्यांना खुर्चीवर बसवून नेलं त्या रविवारपर्यंत, त्यांनी ते शील पुन्हा तोंडातून काढलं नाही.

मी मात्र त्यांच्या शेजारी बसून पाचही म्हणत होते. सहलीहून आल्यानंतरच्या पहिल्या रविवारपासून म्हणत आले होते, एकदाही न अडखळता.